ओपन वर्ल्ड फँटसी गेमची परीक्षणे कशी वाचावीत: पैसे मोजण्यापूर्वीची तयारी

मोठा ओपन वर्ल्ड फँटसी गेम, म्हणजे ज्याच्या विस्तीर्ण काल्पनिक जगात हवे तिथे मोकळेपणाने फिरता येते असा गेम, नवा असताना आपल्याकडे तीन ते पाच हजार रुपयांच्या घरात पडतो आणि मन लावून खेळला तर साठ ते शंभर तास सहज घेतो. विरारहून किंवा बदलापूरहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्या माणसाच्या हाती रात्रीच्या जेवणानंतर जेमतेम तासभर उरतो, त्यामुळे असा एक गेम त्याचे दोन-तीन महिने व्यापतो. इतका पैसा आणि इतका वेळ घालण्याआधी समीक्षक काय म्हणतात ते पाहावे, हे बरोबरच आहे. परंतु बहुतेक जण त्यातला फक्त आकडा पाहतात आणि तिथेच फसगत होते. माझे आग्रहाचे सांगणे असे की समीक्षकाच्या निकालापेक्षा त्याने केलेले वर्णन वाचावे, आणि ते वर्णन कोणत्या यंत्रावर, किती खेळून आणि कोणत्या तारखेला लिहिले आहे हे त्याहीआधी तपासावे.

आकड्यामागे काय असते

आकडे प्रामुख्याने तीन ठिकाणांहून येतात आणि तिन्ही ठिकाणी त्यांचा अर्थ वेगळा असतो. मेटाक्रिटिक हे 2001 साली सुरू झालेले संकेतस्थळ निरनिराळ्या प्रकाशनांचे गुण शंभरपैकी करून त्यांची सरासरी काढते. मात्र ती साधी सरासरी नसते, काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन दिले जाते आणि कोणाला किती, हे सांगितले जात नाही. गेमच्या बाबतीत 75 आणि त्यावरचे गुण हिरवे, 50 ते 74 पिवळे आणि त्याखालचे लाल दिसतात. ओपनक्रिटिक हे तसेच दुसरे संकेतस्थळ वजन न देता सरासरी काढते आणि किती टक्के समीक्षकांनी गेमची शिफारस केली हेही वेगळे दाखवते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातील टक्केवारी मात्र गुणांची नसतेच. तिथे खेळाडू फक्त ‘शिफारस करतो’ किंवा ‘करत नाही’ एवढेच नोंदवू शकतो, त्यामुळे 80 टक्के याचा अर्थ पाचपैकी चार जणांनी होकार दिला इतकाच होतो. गेम बरा वाटलेला माणूस आणि गेमने झपाटून गेलेला माणूस तिथे एकाच रांगेत मोजले जातात.

या आकड्यांना बाजारात किती महत्त्व आले आहे, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. 2010 साली आलेल्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’ या गेमसाठी ऑब्सिडियन या स्टुडिओला मिळायचा बोनस मेटाक्रिटिकवर 85 गुण मिळण्यावर अवलंबून होता, आणि गुण मिळाले 84. ज्या आकड्यावर पैसे आणि चाहत्यांची प्रतिष्ठा लागलेली असते, त्याच्याभोवती दबाव तयार होतोच. 2017 साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला जवळपास सगळीकडून भरभरून गुण मिळत असताना एका समीक्षकाने दहापैकी सात दिले, तर त्याच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन ते काही काळ बंद पडले. मला ही गोष्ट फार खेदाची वाटते, कारण त्याने दिलेली कारणे वाचण्यासारखी होती.

म्हणून पहिली पायरी अशी: सरासरी एकदा पाहा आणि मग तिच्याखालची यादी उघडा. त्यातली तीन परीक्षणे निवडा, एक अगदी वरच्या टोकाचे, एक मधले आणि एक खालच्या टोकाचे. खालच्या टोकाचे आधी वाचा. नाराज समीक्षक सहसा नेमके बोलतो. त्याला काय खटकले ते कुठे, कधी आणि किती वेळा घडले, हे तो सांगतो. स्तुती करणारे लिखाण पुष्कळदा ‘भव्य’, ‘अविस्मरणीय’, ‘श्वास रोखून धरायला लावणारे’ असल्या विशेषणांवर थांबते, आणि विशेषणांवरून आपल्याला काही ठरवता येत नाही.

कोणत्या यंत्रावर, कोणत्या दिवशी

परीक्षण हाती आले की मजकुरात शिरण्यापूर्वी ते पीसीवर खेळून लिहिले आहे की प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर, म्हणजे खास गेमसाठीच्या यंत्रावर, ते शोधा. जबाबदार प्रकाशने ही माहिती सुरुवातीला किंवा शेवटी देतात. ‘सायबरपंक 2077’ हा फँटसी गेम नव्हे, तरी ओपन वर्ल्ड गेमच्या बाबतीत यंत्राचे महत्त्व त्याच्याइतके दुसऱ्या कोणी पटवून दिलेले नाही. 10 डिसेंबर 2020 रोजी तो बाजारात येण्यापूर्वी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती आणि स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्याचीही त्यांना मुभा नव्हती. पीसीवर त्याला 86 गुण मिळाले. प्लेस्टेशन 4 वरची परीक्षणे नंतर आली आणि तिथे तोच गेम 57 वर राहिला. पुढच्या आठवड्यात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. ज्यांनी 86 हा आकडा पाहून प्लेस्टेशन 4 साठी पैसे भरले, त्यांनी वास्तविक दुसऱ्याच यंत्राचे परीक्षण वाचले होते. ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’च्या वेळीही, ऑगस्ट 2024 मध्ये, समीक्षकांना आधी पीसीचीच प्रत देण्यात आली होती. तेव्हा ज्या यंत्राची प्रत समीक्षकांना मिळालेली नाही, त्या यंत्रासाठी आगाऊ नोंदणी करू नका, हा नियम मी तरी कोणत्याही गेमसाठी मोडणार नाही.

तारखेचे महत्त्व समजून घेण्यासाठी ‘ड्रॅगन्स डॉग्मा 2’ची हकिगत थोडी सविस्तर पाहू. कॅपकॉमचा हा गेम 22 मार्च 2024 रोजी आला आणि परीक्षणे त्याच्या दोन दिवस आधी, एम्बार्गो उठताच, म्हणजे ठरलेल्या वेळेपर्यंत काही प्रसिद्ध न करण्याची अट संपताच, एकदम झळकली. समीक्षक मनापासून खूश होते. रानातून चालताना अचानक ग्रिफिन हा पंखधारी राक्षसी प्राणी झेपावतो, त्याच्या पाठीवर चढून लढता येते, सोबतचे ‘पॉन’ आपापल्या बुद्धीने मदतीला येतात, आणि फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून एका क्षणात दूर पोहोचण्याची सोय, मुद्दाम दुर्मीळ ठेवल्यामुळे प्रत्येक प्रवास हीच एक कथा होते, असे त्यांनी लिहिले. राजधानी वर्नवर्थमध्ये शिरताच फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, घसरतो, हेही अनेकांनी नोंदवले होते, पण बहुतेकांच्या लेखात ते एखाद्या परिच्छेदापुरते होते.

गेम विक्रीला आला त्या दिवशी स्टीमवर खेळाडूंचा सूर बरोबर उलटा निघाला आणि नकारात्मक मतांचा ढीग पडला. त्याची कारणे तीन होती. पहिले कारण म्हणजे गेमसाठीच्या दुकानात खऱ्या पैशांनी विकत घेण्याच्या छोट्या वस्तूंची लांबलचक यादी दिसू लागली, त्यात पात्राचा चेहरा बदलण्याची वस्तूही होती. परीक्षणे प्रसिद्ध झाली तेव्हा ही यादी वाचकांसमोर आलेली नव्हती. दुसरे, पीसीवर नवा खेळ सुरू करण्याचा सरळ पर्याय दिलेला नव्हता आणि खेळाची प्रगती जतन करण्याची जागा एकच होती. तिसरे, शहरातील गती चांगल्या ग्राफिक्स कार्डावरही सुधारत नव्हती, कारण भार प्रोसेसरवर होता. गेममधल्या प्रत्येक पात्रासाठी प्रोसेसरची बरीच शक्ती खर्च होते, असे कॅपकॉमने स्वतःच स्पष्ट केले. महिना संपण्याच्या आत नवा खेळ सुरू करण्याचा पर्याय आला आणि फ्रेम रेटवरही पुढे काम झाले.

यात खोटे कोणीच बोलले नव्हते. समीक्षकांनी जंगलाविषयी लिहिले ते खरे होते आणि खेळाडूंनी दुकानाविषयी लिहिले तेही खरे होते. विकत मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या वस्तू गेममध्ये खेळूनही मिळवता येत होत्या, हे त्या दोन-चार दिवसांच्या संतापात मागे पडले, आणि एकच जतन-जागा ही तक्रार मात्र विनाकारण दुय्यम ठरली, असे मला वाटते. अशा वेळी वाचकाने गेम येण्यापूर्वीची परीक्षणे, पहिल्या आठवड्यातील खेळाडूंची मते आणि महिन्या-दोन महिन्यांनंतरची मते अशी तीन वेळची मते स्वतंत्रपणे वाचावीत. स्टीमवर ‘अलीकडील’ आणि ‘एकूण’ अशी दोन वेगळी मते दाखवली जातात आणि आलेखावर महिना निवडून त्याच काळातील परीक्षणे उघडता येतात. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

‘एल्डन रिंग’चा आलेखही याच कारणासाठी पाहण्यासारखा आहे. 25 फेब्रुवारी 2022 रोजी तो आला तेव्हा समीक्षकांचे गुण नव्वदीच्या मध्यावर होते, तरी स्टीमवर पहिल्या दिवशी ‘संमिश्र’ असा शेरा लागला, कारण पीसीवर मोकळ्या रानात घोडा दौडवताना चित्र मध्येच अडखळत होते. पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, येत गेले तसतसा शेरा सुधारला आणि वर्षअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये तोच वर्षातील सर्वोत्तम गेम ठरला. जून 2024 मध्ये आलेल्या त्याच्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या विस्ताराच्या वेळी पुन्हा हेच घडले; समीक्षक हरखून गेले आणि खेळाडूंनी अवघडपणा व तांत्रिक कामगिरी या दोन्हींबद्दल तक्रारी केल्या. यामागे एक साधे कारण आहे. मोठी प्रकाशने असा गेम सहसा त्या प्रकारात मुरलेल्या समीक्षकाकडेच देतात. त्यामुळे ‘कठीण, पण न्याय्य’ हा त्याचा शेरा नवख्या खेळाडूला जसाच्या तसा लागू पडत नाही.

गुण विसरून वर्णन वाचणे

आता खरे काम. परीक्षण वाचताना मत आणि वस्तुस्थिती वेगळी करत जा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये शस्त्रे थोड्या वापरानंतर मोडतात आणि पाऊस सुरू झाला की कडा चढताना हात घसरतात, या दोन गोष्टी वस्तुस्थिती आहेत. एकाला त्या असह्य वाटतात, तर दुसऱ्याला त्यांच्यामुळेच सतत नवे उपाय शोधण्याची गंमत मिळते. समीक्षक कोणत्या बाजूचा आहे याने आपले काही ठरत नाही. पाऊस थांबेपर्यंत एखाद्या कपारीखाली थांबून राहणे आपल्याला आवडेल का, हा प्रश्न आपणच स्वतःला विचारायचा असतो, आणि त्याचे उत्तर शंभरपैकी 97 गुणांत मिळत नाही.

‘एल्डन रिंग’विषयी जवळपास प्रत्येक समीक्षकाने लिहिले की नकाशावर खुणांची गर्दी नाही, कामांची यादी नाही, कोणाला कुठे भेटायचे ते लक्षात ठेवावे लागते. ही स्तुती होती. पण आठवड्यातून दोनदाच खेळायला बसणाऱ्या माणसाने तीच ओळ वेगळी वाचावी. गुरुवारी भेटलेल्या पात्राने काय सांगितले होते ते रविवारी आठवणार नसेल, तर शेजारी वही ठेवावी लागेल. काहींना वही ठेवण्यात आनंद असतो आणि माझ्या मते या गेमचा तो खरा आनंद आहे, परंतु तो प्रत्येकाचा असेलच असे नाही. उलट ‘द विचर 3’विषयी 2015 पासून आजवर जे लिहिले गेले आहे, त्यात नकाशावरील प्रश्नचिन्हांच्या पसाऱ्यावर टीका आहे, पण वेलेनमधल्या ब्लडी बॅरनसारख्या कथांना मिळालेली दाद त्याहून कितीतरी मोठी आहे. कथेसाठी खेळणाऱ्याला ही दाद पुरेशी आहे.

कमी गुणांच्या गेमलाही हीच रीत लावा. जानेवारी 2023 मध्ये आलेल्या ‘फॉरस्पोकन’ची सरासरी साठीच्या घरात अडकली. तक्रारी दोन होत्या, नायिका फ्रे आणि तिच्या हातातील बोलके कडे यांची सततची बडबड, आणि अथिया या जगाचा रितेपणा. पण याच परीक्षणांत धावण्याच्या आणि उड्या मारण्याच्या जादूचे मनापासून कौतुकही होते. बडबड सेटिंगमधून कमी करता येते. रिते जग मात्र कोणत्याही सेटिंगने भरत नाही. दोष सुधारता येण्याजोगा आहे की गेमच्या पायातच आहे, ही विभागणी प्रत्येक परीक्षणाच्या बाबतीत करावी. अशा गेमला सवलतीच्या किमतीत घेऊन फक्त धावण्यासाठी वीस तास देणे हा मला मुळीच वाया गेलेला खर्च वाटत नाही.

स्टीमवरचे एकेक मत वाचताना नावाशेजारी खेळलेले तास दिसतात, त्यात मत लिहितेवेळचे तास वेगळे दिलेले असतात. चाळीस मिनिटांत लिहिलेले नकारात्मक मत बहुधा तांत्रिक अडचणीचे असते. ते तांत्रिक माहिती म्हणून वाचावे, गेमविषयीचा अभिप्राय म्हणून नव्हे. भाषेप्रमाणे मते गाळण्याचीही सोय आहे. ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’च्या मतांत चिनी भाषेतील मतांचा वाटा प्रचंड मोठा आहे आणि त्यांच्या उत्साहाला अभिजात चिनी कथेशी असलेल्या नात्याची जोड आहे, जी आपल्याला तितकी लागू होणार नाही. अनेक समीक्षकांना खटकलेल्या अदृश्य भिंती आणि 2024 मध्ये गेम आला तेव्हाचा नकाशाचा अभाव या गोष्टी मात्र कोणत्याही भाषेच्या खेळाडूला तितक्याच अडवणाऱ्या होत्या. शिवाय तो पूर्ण अर्थाने ओपन वर्ल्ड नाही, हे कित्येकांना विकत घेतल्यावर कळले, जरी परीक्षणांत ते स्पष्ट लिहिलेले होते.

मुंबईच्या घरात तो कसा चालेल

परदेशी समीक्षक ज्या परिस्थितीत खेळतो ती आपली नसते. तो आठ-दहा दिवसांत, दिवसाला सात-आठ तास बसून गेम संपवतो. आपण वन रूम किचनमध्ये, घरातले झोपल्यावर, कानात हेडफोन घालून खेळतो. म्हणून परीक्षणात हमखास शोधायच्या काही गोष्टी अशा: गेम मध्येच थांबवता येतो का, कुठेही जतन होतो का, आणि दोन जतनबिंदूंमध्ये साधारण किती वेळ जातो. ‘एल्डन रिंग’मध्ये सरळ पॉजचे बटण नाही, एकटे आणि ऑफलाइन खेळत असलात तरी नाही. मोठ्या शत्रूशी लढत असताना दाराची बेल वाजली किंवा आईने हाक मारली, तर पात्र तिथेच उभे राहते आणि मार खाते. शंभर परीक्षणांपैकी बहुतेकांनी यावर फार तर एक वाक्य खर्च केले. आपल्यासाठी ते वाक्य अख्ख्या परिच्छेदाच्या तोलाचे आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गेमिंग लॅपटॉपच्या चाचण्या सहसा थंड किंवा वातानुकूलित खोलीत झालेल्या असतात. मे महिन्यात पंख्याखाली, घामाघूम हवेत तोच लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरची गती कमी करतो. प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून ‘60 फ्रेम मिळतात’ असे वाचल्यावर कोणत्या मॉडेलवर आणि किती वेळ खेळून मिळतात ते पाहा. पहिल्या दहा मिनिटांचा आकडा इथे उपयोगाचा नाही. डिजिटल फाउंड्रीसारखे केवळ तांत्रिक परीक्षण करणारे समीक्षक पीसीची सेटिंग्ज आणि कन्सोलवरील फ्रेम रेट दृश्यासह दाखवतात, ते जरूर पाहावे. शिफारस केलेली रॅमही वाचावी. ‘फॉरस्पोकन’साठी ती 24 जीबी होती, आणि आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये 8 किंवा 16 जीबीच असते.

व्हिडिओ परीक्षणांबाबत एवढेच सांगतो की आधी जाहिरातीची खूण शोधा. भारतीय जाहिरात मानक परिषद, जिचे मुख्यालय मुंबईतच आहे, तिची प्रभावकांसाठीची, म्हणजे इन्फ्लुएन्सरसाठीची, मार्गदर्शक तत्त्वे जून 2021 पासून लागू आहेत आणि त्यांनुसार पैसे घेतले नसले, तरी फुकट मिळालेली वस्तू किंवा प्रवास हादेखील जाहीर करण्याजोगा संबंध ठरतो. फुकट प्रत मिळणे हा समीक्षेच्या धंद्यातील नेहमीचा भाग आहे आणि त्यात गैर काही नाही. पण जो ते उघडपणे सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास ठेवायला जागा राहते.

विकत घेताना आणि घेतल्यावर

एवढे वाचूनही शंका उरली, तर पैसे परत मिळण्याची वाट खुली राहील अशा ठिकाणी घ्या. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर परतावा मिळतो. हे दोन तास जपून वापरा. पात्राचा चेहरा घडवण्यात पाऊण तास सहज जातो, म्हणून चाचणीसाठी तयार चेहरा निवडा, लांबलचक दृश्ये वगळा आणि शक्य तितक्या लवकर मोकळ्या जगात किंवा पहिल्या मोठ्या वस्तीत पोहोचा. गेम अडखळणार असेल, तर तिथेच अडखळेल. प्लेस्टेशनच्या डिजिटल दुकानात मात्र एकदा डाउनलोड सुरू केले की सर्वसाधारणपणे परतावा मिळत नाही, म्हणून शंकेच्या गेमची डिस्क घेणे शहाणपणाचे. लॅमिंग्टन रोडवर किंवा हाजी अलीजवळच्या हिरा पन्नामध्ये जुन्या डिस्कचा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि नवा गेम पहिल्या महिन्यात विकायला नेला, तर मोजलेल्या पैशांतला बराच भाग परत येतो. डिस्कवर ओरखडा नसावा आणि मूळ खोका सोबत असावा, एवढी काळजी घ्या.

गेम पूर्ण झाल्यावर, किंवा अर्ध्यावर सोडल्यावरही, स्वतःचे मत जरूर लिहा, आणि मराठीत लिहा. गुण देण्याआधी यंत्राचे मॉडेल, रॅम, पॅचचा क्रमांक आणि खेळलेले तास नोंदवा. मग जे घडले ते सांगा: कोणत्या वस्तीत गती घसरली, किती अंतरावर जतन करता आले, कोणती उपकथा रात्री उशिरापर्यंत जागवून गेली. आवडले की नाही ते सर्वांत शेवटी लिहिले तरी चालेल.